समोर बसून शिकायचा रंग

प्रस्तावना

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात एक तरुणी दिवा घेऊन उभी आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा आणि त्या आडोशातून चेहऱ्यावर आलेला उजेड. कॅलेंडरावर, शुभेच्छापत्रावर, कुणाच्या तरी दिवाणखान्यात या चित्राची प्रत आपण कधी ना कधी पाहिलेली असते. चित्र कोणाचं असं विचारलं, की अजूनही पुष्कळांच्या तोंडी राजा रविवर्म्याचं नाव येतं. रविवर्मा १९०६ साली गेले. ‘ग्लो ऑफ होप’ नावाचं हे चित्र १९४५-४६ सालचं. ते काढलं सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी. दिवा घेऊन उभी होती ती त्यांची मुलगी, गीता. लग्नानंतरच्या या गीताबाई उपळेकर २०१८ साली कोल्हापुरात वारल्या, तेव्हा त्या १०२ वर्षांच्या होत्या. त्या वेळी वर्तमानपत्रांनी बातमी छापली आणि कित्येकांना चित्रकाराचं खरं नाव पहिल्यांदा कळलं.

नावाची ही गफलत व्हायला एक कारण आहे. हे चित्र कागदावर, जलरंगात केलेलं आहे, यावर सहसा कुणाचा विश्वास बसत नाही. आपल्याकडे जलरंग म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती शाळेच्या दप्तरातली रंगपेटी, एलिमेंटरीच्या परीक्षेचा पेपर आणि पाण्याने भिजून पोपडे निघालेला कागद. मोठ्या माणसांनी, मोठ्या कामासाठी हाती धरायचं माध्यम म्हणजे तैलरंग, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. त्यामुळे एवढं तोलामोलाचं चित्र समोर आलं, की ते तैलरंगातलंच असणार आणि तैलरंगातलं असेल तर रविवर्म्याचंच असणार, असा हिशेब आपोआप जुळतो.

हे पुस्तक हळदणकरांविषयी आहे, पण या एका चित्राविषयी नाही. चित्र हा त्यांच्या आयुष्याचा प्रसिद्ध भाग. त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं दुसऱ्याच दोन कामांत घातली: एक क्लास चालवण्यात आणि एक संस्था उभी करण्यात. चित्रकारांची चरित्रं लिहिताना ही कामं शेवटच्या पानावर, ‘त्यांनी अध्यापनही केलं’ अशा एका वाक्यात उरकली जातात. या पुस्तकात ती मध्यभागी आहेत. तसं का, हे सांगणं एवढंच या प्रस्तावनेचं काम.

माझं म्हणणं थोडक्यात असं: जलरंगात काम करणाऱ्याला शिकवणं टाळता येत नाही, कारण हे माध्यम शिकण्याची दुसरी वाटच नाही. तैलरंगातलं चित्र पाहून अभ्यासू विद्यार्थी पुष्कळ काही उलगडू शकतो. थर दिसतात, ब्रशाचे फटकारे दिसतात, खाडाखोडही कळते. जलरंगातलं पूर्ण झालेलं चित्र मात्र स्वतःचा इतिहास पुसून टाकतं. कुठला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, आधी दिला, कागद किती ओला असताना दुसरा रंग सोडला, ब्रशात पाणी किती होतं, हात कधी थांबवला, यातलं वाळलेल्या कागदावर जवळजवळ काहीच वाचता येत नाही. ते फक्त रंग ओला असताना, काढणाऱ्याच्या शेजारी बसून पाहता येतं. म्हणून या माध्यमाची परंपरा संग्रहालयांपेक्षा जास्त टिकली ती क्लासांमध्ये, नदीकाठांवर आणि प्रात्यक्षिकांना जमलेल्या घोळक्यांमध्ये.

हळदणकरांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८२चा, सावंतवाडीचा. लाकडी खेळण्यांचं आणि गंजिफांचं हे गाव; रंग आणि ब्रश तिथे परके नव्हते. १९०३ साली ते मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. त्या वेळी प्रिन्सिपल होते सेसिल बर्न्स. बर्न्स यांचा स्वतःचा ओढा जलरंगाकडे होता आणि त्यांच्या कारकिर्दीत मुंबईतल्या विद्यार्थ्यांच्या हाती हे माध्यम गंभीरपणे आलं. गोव्याचे अँटोनियो झेवियर त्रिंदाद हेही हळदणकरांचे शिक्षक. व्यक्तिचित्रणात त्यांचा हात कसलेला. एकाकडून पाण्याची शिस्त आणि दुसऱ्याकडून चेहऱ्याचं शास्त्र, अशी ही शिदोरी होती. हळदणकरांनी पुढे तैलरंगातही भरपूर व्यक्तिचित्रं केली. १९२५ साली ‘मोहमेडन पिलग्रिम’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, तेव्हा ते मुंबईच्या पहिल्या फळीतले चित्रकार झालेले होते.

क्लास मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. १९०८ साली, म्हणजे जे. जे.मध्ये पाऊल ठेवल्यापासून पाचच वर्षांत, त्यांनी ‘हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट’ सुरू केली. वय सव्वीसच्या आतबाहेर. पदकं अजून यायची होती, नाव व्हायचं होतं. म्हणजे हा क्लास प्रसिद्धीच्या मागून आलेला नाही. नाव झाल्यावर शिष्य जमवावेत, अशी ही गोष्ट नव्हतीच. सरकारी कलाशाळेच्या बाहेर, नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्या मुलांसाठी मुंबईत पुढे केतकरांची संस्था, दंडवतीमठांचं नूतन कला मंदिर अशी ठिकाणं नावारूपाला आली. के. के. हेब्बरांसारखा चित्रकार सुरुवातीला नूतन कला मंदिरात शिकला. या खाजगी क्लासांचा सलग इतिहास अजून कुणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही. तो लिहिला जाईल तेव्हा १९०८ हे साल त्यात अगदी सुरुवातीला घ्यावं लागेल.

दुसरं काम १९१८चं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८पासून होती. वार्षिक प्रदर्शन, पदकं, कॅटलॉग, सगळं तिथे होतं. पण सुरुवातीच्या काळात तिच्यावर इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि युरोपीय हौशी चित्रकारांचा वरचष्मा होता. हळदणकरांनी काही चित्रकार मित्रांबरोबर ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. अशी संस्था नेमकं काय देते, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. ती भिंत देते. वर्षातून एकदा चित्र लावायला जागा, ते निवडणारे परीक्षक, छापील यादीत नाव आणि उद्घाटनाला येणारी चार जाणकार माणसं. सातारा-रत्नागिरीकडून आलेल्या, ओळखीपाळखी नसलेल्या मुलाला ही भिंत मिळणं म्हणजे चित्रकार म्हणून पहिल्यांदा हजेरी लागणं. क्लासमध्ये मुलगा तयार होतो, पण त्याचं चित्र बघायला कुणी नसेल तर तो चार-दोन वर्षांत ब्रश ठेवून देतो. हळदणकरांनी दोन्ही टोकं धरली होती, आणि म्हणूनच त्यांना नुसतं ‘ग्लो ऑफ होप’चे चित्रकार म्हणणं मला अपुरं वाटतं.

आता त्या चित्राकडे एकदा जवळून पाहू. ज्योतीला आडोसा केलेल्या हाताची बोटं पाहा. दिव्यासमोर धरलेला हात आरपार तांबूस दिसतो, हे आपण लहानपणी सगळ्यांनी करून पाहिलेलं आहे. तैलरंगात हा तांबूसपणा आणायला गडद रंगावर उजळ रंगाचे थर चढवता येतात, पांढरा हाताशी असतो, काही बिघडलं तर पुन्हा वर रंगवता येतं. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद. उजेड जिथे हवा तिथे कागद आधीपासून राखून ठेवावा लागतो. म्हणजे बोटांच्या कडेची ती धगधगीत रेघ चित्रकाराने शेवटी लावलेली नसते. ती त्याने पहिल्या वॉशपासून सांभाळलेली असते. सभोवारचा अंधार एकेक थराने वाढवत न्यायचा आणि तेवढी चिंचोळी जागा शेवटपर्यंत स्वच्छ ठेवायची. उजेड रंगवलेला नाही, उरवलेला आहे. चेहरा, गळा, पदराची कड, सगळीकडे हाच हिशेब. एवढ्या मोठ्या आकाराच्या गडद चित्रात हा हिशेब चुकू न देणं किती अवघड, हे ज्याने साधा संध्याकाळचा देखावा करून पाहिला आहे त्यालाच उमगेल.

आणि हे सगळं कोणी सांगून येत नाही. माझं अर्धं आयुष्य शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलं. फळ्यावर मी शेकडो वेळा लिहिलं असेल: ‘फिक्याकडून गडदाकडे जा.’ मुलं वहीत उतरवून घेत आणि कागदावर बरोबर उलटं करत. त्याच मुलांना टेबलाभोवती उभं करून एक आकाश करून दाखवलं, की अर्ध्या तासात फरक दिसायचा.

हे पुस्तक तयार झालं ते पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतमध्ये, आणि त्यालाही अर्थ आहे. पिंपरी-चिंचवड म्हटलं की लोकांना आठवतात कारखाने. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज, मग भोसरीची एमआयडीसी, पुढे चाकण. १९८२ साली महापालिका झाली. रावेत तिच्यात आलं १९९७ साली, आजूबाजूच्या गावांबरोबर. तोवर ते पवनेकाठचं शेतीचं गाव होतं. आज बास्केट ब्रिजवर उभं राहिलं तर एका बाजूला टॉवरांच्या रांगा आणि दुसऱ्या बाजूला नदीची झाडी एकाच नजरेत येतात. इथे राहणाऱ्यांत लातूर, जळगाव, सोलापूर, यवतमाळहून नोकरीसाठी आलेली माणसं पुष्कळ आहेत. कुणी प्रॉडक्शनला, कुणी क्वालिटीत, कुणी हिंजवडीच्या आयटी कंपनीत. रविवारी सकाळी ब्रश घेऊन नदीवर येणाऱ्या आमच्या मंडळींत हेच लोक आहेत, आणि शाळेतली मुलं, आणि दोन-चार सेवानिवृत्त. या पुस्तकासाठी टिपणं काढणारे, जुनी कॅटलॉगं धुंडाळणारे, मजकूर टंकून देणारेही हेच.

कारखान्यातल्या माणसाला जलरंग सुरुवातीला छळतो. त्याचं सगळं शिक्षण चूक पकडून सुधारण्याचं असतं. आमच्या मंडळींतला एक जण पहिल्याच महिन्यात वैतागून म्हणाला, ‘सर, आमच्याकडे जॉबमध्ये फॉल्ट निघाला तर रिवर्कला जातो. इथे डायरेक्ट रिजेक्शन!’ सगळे हसले. पण माध्यमाचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ओला वॉश दुसऱ्यांदा घोळला की रंग मळतो, तिसऱ्यांदा घोळला की कागदाचा पृष्ठभाग उठतो. मग करायचं काय? रिवर्क नाही, तर तयारी वाढवायची. कागद बोर्डावर ताणून घ्यायचा, उजेड कुठे राखायचा ते पेन्सिलीने हलकं आखून ठेवायचं, लागणारा रंग आधीच भरपूर कालवून ठेवायचा, आणि मग न थबकता काम उरकायचं. ही शिस्त सीएनसी मशिनवर काम करणाऱ्याला शिकवावी लागत नाही. ती त्याच्या अंगातच असते; फक्त ती इथेही चालते, हे त्याला कुणीतरी करून दाखवावं लागतं.

रावेतच्या बंधाऱ्याजवळचं एक प्रात्यक्षिक सांगतो, म्हणजे ‘करून दाखवणं’ म्हणजे काय ते स्पष्ट होईल. बोर्ड किंचित कलता धरायचा. वरच्या कडेला भरल्या ब्रशाने आडवा पट्टा ओढला, की त्याच्या खालच्या काठाशी रंगीत पाण्याची एक जाड रेघ साचते. पुढचा पट्टा त्या रेघेला हलकेच टेकवायचा. पाणी आपोआप खाली उतरतं आणि जोड दिसत नाही. क्षितिजापाशी आलं, की ब्रश फडक्यावर टिपायचा आणि उरलेली रेघ शोषून घ्यायची. ती तशीच राहिली, तर पाणी उलटं वर चढतं आणि वाळत आलेल्या आकाशात फुलासारखा डाग फुटतो. आता थांबायचं. कागद तिरका करून उजेडात पाहायचा: तो अजून चकाकतोय का? चकाकतोय तोवर पलीकडच्या टेकड्यांचा रंग सोडला तर तो आकाशात वाहून जाईल. चमक उतरली, पण कागदाचा गारवा हाताला लागतो आहे, हीच ती वेळ. त्या वेळी सोडलेली टेकडी मऊ कडेची, दूरची दिसते. पूर्ण कोरड्यावर केली तर कातरून चिकटवल्यासारखी. ही वेळ एप्रिलमध्ये पाहता पाहता निघून जाते आणि श्रावणात तिची वाट बघत चहा होतो. घड्याळाने ती सांगता येत नाही. शिकवणारा नुसतं म्हणतो, ‘आता,’ आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत ते बसतं.

याच बंधाऱ्यावरून महापालिका शहरासाठी पाणी उचलते. मावळातल्या पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीपात्रातून इथवर येतं, इथून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात जातं आणि मग नळाला. इथून पुढे पवना शहरात शिरते आणि तिचा चेहरामोहरा बदलत जातो. जो माणूस दर आठवड्याला नदीचं चित्र काढतो त्याला हा बदल टाळता येत नाही. जलपर्णी कधी पसरली, पाणी कुठे काळपट झालं, काठावरचं कोणतं झाड गेलं, याची नोंद त्याच्या वहीत नकळत होत राहते. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीपाशी घाटावर बसून काढलेली चित्रं आणि रावेतच्या वरच्या अंगाला काढलेली चित्रं शेजारी ठेवली, की पाण्यासाठी वापरलेले रंगच वेगळे निघतात. आमच्या मंडळींनी अशा चित्रांचं छोटं प्रदर्शन सोसायटीच्या हॉलमध्ये लावलं, तेव्हा नदीविषयीच्या भाषणांना कधी न गेलेले लोक चित्रांसमोर उभं राहून एकमेकांशी नदीबद्दल बोलत होते. चित्रकाराचं समाजकार्य म्हणून फार वेगळं काही शोधायला नको. पाहायला शिकवणं आणि पाहिलेलं चार लोकांसमोर मांडणं, हळदणकरांच्या क्लासचं आणि सोसायटीचं काम याहून निराळं कुठे होतं?

एक आक्षेप इथे मोकळेपणाने घ्यायला हवा. हळदणकरांची चित्रकला वास्तववादी, अकादमिक वळणाची. दिव्याच्या चित्रानंतर वर्ष-दोन वर्षांतच मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला आणि ‘हुबेहूब’ हा शब्द चित्रकलेत जवळजवळ शिवी झाला. तो झगडा गरजेचाच होता. पण त्या ग्रुपमधल्या रझांची सुरुवातीची ओळखही मुंबईच्या रस्त्यांच्या जलरंगी देखाव्यांनीच झालेली होती, हे विसरून चालणार नाही. शैली बदलली, दृष्टी बदलली; ओल्या कागदाचे नियम तेच राहिले. त्यामुळे हळदणकरांसारखं चित्र काढा, असं हे पुस्तक कुणालाही सांगत नाही. त्यांनी ज्या तऱ्हेने ज्ञान हातातून हातात दिलं, ती तऱ्हा उचलण्याजोगी आहे.

ती उचललीही गेली आहे. अलीकडच्या काळात पुण्याच्या मिलिंद मुळीकांनी हे पुष्कळ घडवून आणलं. ‘अमर चित्र कथे’साठी चित्रं काढणाऱ्या प्रताप मुळीकांचे हे चिरंजीव शिक्षणाने अभियंते. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या पुस्तकांत एकाच चित्राचे टप्पे क्रमाने छापलेले असतात. वाळलेलं चित्र जे लपवतं तेच ही पुस्तकं उघड करतात. नाशिकचे प्रफुल्ल सावंत देशात-परदेशात लोकांसमोर उभं राहून चित्र करतात. कॅमलच्या ट्यूबांनी साठच्या दशकापासून रंग मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आणले, आणि कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हातात ब्रश दिला. या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक मुलांना क्लासला धाडतात, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. धाडू देत. गुणांसाठी आलेल्यांतला एखादा गुण मिळाल्यावरही येत राहतो, आणि क्लास त्याच्यासाठीच चालवायचा असतो.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात हळदणकरांचा सावंतवाडी ते मुंबई हा प्रवास, दुसऱ्यात क्लास, तिसऱ्यात आर्ट सोसायटी आणि चौथ्यात रावेतच्या मंडळींनी केलेले सराव, चुकलेल्या कागदांसकट. हे चुकलेले कागद छापावेत की नाही यावर बरीच वादावादी झाली. मी छापावेत म्हणालो, कारण नवशिक्याला चांगल्या चित्रापेक्षा बिघडलेल्या चित्रात क्रम लवकर सापडतो.

वाचकाला एक गृहपाठ देतो, शिक्षकाची खोड जात नाही. दिव्याच्या चित्राची एखादी बरी छपाई मिळवा. तिच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने आकडे टाका: सर्वांत आधी कोणता वॉश पडला असेल, मग कोणता, सर्वांत शेवटी कोणता. पुस्तक वाचायच्या आधी एकदा टाका आणि चौथा भाग संपल्यावर पुन्हा एकदा. दोन्ही वेळचे आकडे सारखे आले नाहीत, तर पुस्तकाचं काम झालं असं समजा. मग तो कागद घेऊन जवळपास जो कुणी जलरंग शिकवत असेल त्याच्याकडे जा, आणि त्याला एक आकाश करून दाखवायला सांगा. तो नाही म्हणणार नाही. या रंगाचा नाद लागलेल्या माणसाला समोर बसलेला विद्यार्थी हवाच असतो.